गच्चीची किल्ली

रोहिणी सरत आल्या की येवला, नांदगाव, मालेगाव या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात एक काम ठरलेले असे : धाब्यावर माती टाकायची. गावच्या पांढरीतून गाडीभर खारवट माती यायची, पाट्यांनी वर चढायची, जुन्या थरावर पसरून, पाणी शिंपडून, पायांनी तुडवून घट्ट बसवली जायची. मग घरातला जाणता माणूस तांब्याभर पाणी वर ओतायचा आणि ते पन्हळीकडे धावते की मध्येच घुटमळते ते पाहायचा. मृगाच्या आत हे उरकले नाही तर आषाढात घरभर पातेली मांडायची पाळी. खाली लाकडाच्या तुळया, त्यांवर किलचांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यांच्या वर वीतभर, कुठे हातभर माती. उन्हाळ्यात त्यावर कुरडया-पापड वाळायचे, रात्री अंथरुणे पडायची. श्रावणात हेच छत हिरवेगार व्हायचे. गवत इतके माजायचे की पोरांना वर चढवून ते उपटून घ्यावे लागे, कारण मुळांच्या वाटेने पाणी घरात उतरते हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक होते.

आज ५ जून, जागतिक पर्यावरणदिन. १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ही तारीख ठरवली आणि १९७३ पासून जग ती पाळते. स्टॉकहोममध्ये रोहिणी-मृगाचा हिशेब कोणी केला असण्याची शक्यता नाही. पण आपल्याकडे हा दिवस नेमका मृगाच्या उंबरठ्यावर येतो, आणि भाषणे ऐकणाऱ्यांचे निम्मे लक्ष आभाळाकडे असते. शहरातल्या महाविद्यालयांत, विद्यापीठांच्या आवारांत आज रोपे लागतील. ती लागावीतच. आम्हाला मात्र आज आवारातल्या अशा जागेविषयी बोलायचे आहे, जिथे पर्यावरणदिनाचा पाहुणा कधी जात नाही. ती जागा म्हणजे इमारतीची गच्ची. मोकळी, तापलेली, पाण्याच्या टाक्या, मोडक्या खुर्च्या आणि डिश अँटेना यांची. एखाद्या शिक्षणसंकुलाच्या नकाशावर झाडांसाठी जागा शोधायला निघालो तर सगळ्यात मोठा, सलग आणि रिकामा तुकडा तोच सापडतो.

जगात ज्याला ‘ग्रीन रूफ’ म्हणतात ते हरित छत म्हणजे धाब्याचाच शिकलेला नातू. काँक्रीटच्या स्लॅबवर आधी पाणी न झिरपू देणारा थर, त्यावर मुळे अडवणारा पडदा, मग पाणी वाहून नेणारा थर, गाळ अडवणारे कापड, हलकी माती आणि वनस्पती. थर सहा इंचांपर्यंत असेल तर त्यावर गवत, मांसल पानांची झुडपे, ऋतूची फुले येतात. त्याहून जाड असेल तर रीतसर बाग होते, झाडेसुद्धा होतात, पण मग खर्च आणि वजन दोन्ही वाढते. जर्मनीने या कामाचे नियम १९८२ मध्येच छापले. टोरांटो शहराने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना असे छत सक्तीचे केले. वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयावर २००२ पासून एक हेक्टरहून मोठी बाग आहे. आणि आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे बँकॉकजवळचे थम्मसात विद्यापीठ : २०१९ मध्ये तिथे २२ हजार चौरस मीटरच्या छतावर उतरत्या पायऱ्यांची शेती उभी राहिली. पावसाचे पाणी पायरीपायरीने थांबत, मुरत खाली येते. इगतपुरी-घोटीकडच्या भाताच्या खाचरांवरून ज्याची नजर फिरली आहे, त्याला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग करून टाकू या. एक समिती, एक निविदा, एक उद्‌घाटन. आमचे म्हणणे इथेच वेगळे आहे. हरित छताचे फायदे म्हणून जे आकडे सर्रास फिरतात ते बहुतेक अशा देशांतले आहेत, जिथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि उन्हाळा आपल्या फेब्रुवारीसारखा असतो. नाशकात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे. युरोपच्या छतांवर लाडके असलेले मांसल पानांचे सेडम आपल्या जुलैत कुजेल, मे महिन्यात जळेल. तेव्हा परदेशी आकडे आपल्या स्लॅबवर चिकटवण्याआधी ते आपल्या स्लॅबवर मोजले पाहिजेत. हे मोजण्याचे काम ठेकेदाराचे नाही, नगररचना विभागाचेही नाही. ते विद्यापीठाचे आहे.

मोजायचे म्हणजे काय, याचे एक साधे उदाहरण ओटावात आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तिथे एका प्रयोगगृहाच्या छताचे मधोमध दोन भाग केले. एकावर माती आणि गवत, दुसरे जसे असते तसे. २००० ते २००२ अशी दोन वर्षे खाली-वर तापमापके लावून नोंदी घेतल्या. हिरव्या भागातून वसंत-उन्हाळ्यात आत येणारी उष्णता हटवायला लागणारी वीज उघड्या भागाच्या तुलनेत ७५ टक्क्यांहून अधिक कमी झाली. हा आकडा मोठा आहे, पण आमच्या मनात भरली ती त्यामागची रीत. एकच छत, एकच ऊन, एकच पाऊस, मधे एक बांध. आपल्या शेतकऱ्यालाही हीच रीत कळते : नवे बियाणे आले की तो अर्ध्या वावरात पेरतो आणि अर्ध्यात जुने ठेवतो.

नाशकात हा बांध घालायचा तर छताचे चार पट्टे करावे लागतील असे आम्हाला वाटते. एक पट्टा जसा आहे तसा, ब्रिकबॅट कोब्याचा. दुसऱ्यावर नुसता पांढरा रंग, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी ‘कूल रूफ’ धोरणच आणले आहे, आणि मातीचे छत जर पांढऱ्या रंगाला हरवू शकत नसेल तर पैसे मातीत घालायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तिसऱ्यावर पाणी घातलेली बाग. चौथा पट्टा मात्र आमच्या आवडीचा, आणि तो समजून घ्यायला त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीपर्यंत जावे लागेल.

अंजनेरीच्या पठारावर काळ्या कातळावर जेमतेम बोटभर, कुठे चार बोटे माती असते. पावसात तिथे पाणी साचते, एप्रिलमध्ये त्याच कातळावर अनवाणी उभे राहवत नाही. म्हणजे आपली गच्चीच ती! कोकणात अशा जागेला सडा म्हणतात. साताऱ्याचे कास तसेच. आणि या तापत्या-बुडत्या कातळावर जुलैपासून जे काही फुलते ते पाहायला लोक लांबून येतात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, कीटक पकडणारी दवबिंदू. अंजनेरीने तर वनस्पतिशास्त्राला स्वतःच्या नावाची एक जात दिली : ‘सेरोपेजिया अंजनेरिका’, कंदीलपुष्पाच्या कुळातली, २००६ मध्ये नोंदली गेलेली, जगात अत्यंत दुर्मीळ. ती जात कुणी गच्चीवर आणायला जाऊ नये, तिथून मुळासकट काहीही उपटणे हा गुन्हाच समजावा. पण तिची युक्ती शिकण्यासारखी आहे. पाऊस असेतो वर यायचे, फुलायचे, आणि पाऊस गेला की सगळा संसार आवरून जमिनीखालच्या कंदात जाऊन झोपायचे. कुणी बी टाकून मरते, कुणी कंदात दडते, कुणी वाळक्या गवताच्या रूपाने उभे राहते. आठ महिने पाण्याचा एक थेंब कुणाकडे मागत नाही.

चौथा पट्टा असा असावा. कातळपठारावरच्या सर्वसाधारण, भरपूर आढळणाऱ्या गवतांचे आणि फुलांचे बी रोपवाटिकेत वाढवून घ्यावे, चार इंच हलक्या मातीत पेरावे आणि पाणी घालायचे विसरून जावे. असे छत जुलै ते ऑक्टोबर हिरवे, दिवाळीपर्यंत पिवळे आणि मे महिन्यात तपकिरी दिसेल. हरित छत मे महिन्यात हिरवे नाही म्हणून कुणी नाक मुरडेल. पण सह्याद्रीही मे महिन्यात हिरवा नसतो, आणि त्याला कुणी नापास करत नाही.

आता खरा अभ्यासाचा प्रश्न. वाळलेले गवत आणि कोरडी माती खालची खोली थंड ठेवते का? हरित छताचा गारवा दोन वाटांनी येतो. एक वाट माठाची. माठातले पाणी झिरपून वाफ होते तेव्हा उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिट विजेपेक्षा जरा कमी, ०.६७ युनिटाएवढी उष्णता नेते. दुसरी वाट गोधडीची. कोरड्या मातीत हवा कोंडलेली असते, ऊन वरच्या थराला तापवते पण खाली लवकर पोचत नाही. कोरडा माठ पाणी गार करत नाही, पण कोरडी गोधडी मात्र आपले काम करतेच. नाशिकच्या उन्हाळ्यात माठाची वाट चालवायची तर पाणी हवे. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर चौरस मीटरला रोज दोन लिटर धरले तरी दिवसाला दोन हजार लिटर. मार्च ते मे या नव्वद दिवसांचे झाले एक लाख ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर मोजून अठरा. ज्या जिल्ह्यात त्याच दिवसांत वाड्या-वस्त्यांवर टँकर धावतात, तिथे गच्चीवरच्या लॉनसाठी अठरा टँकर ओतायचे का? तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्याच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या तर या प्रश्नाचे उत्तर मतांऐवजी अंशांत मिळेल. फरक दोनच अंशांचा निघाला तर पाणी वाचले. सहा अंशांचा निघाला तर मग सांडपाणी गाळून वर चढवण्याचा विचार करता येईल. आज आपण यांपैकी काहीच न मोजता बोलतो आहोत.

हे अंश कुणाच्या अंगावर पडतात तेही पाहू. वसतिगृहाची सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली, एप्रिलचा शेवटचा आठवडा, परीक्षा तोंडावर. मे महिन्यातल्या दुपारी उघड्या काळपट गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जातो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत ओकतो. पंखा पाचवर ठेवला तरी तो छताखालची तापलेली हवाच खाली ढकलतो. पोरे चादर भिजवून अंगावर घेतात, फरशीवर पाणी ओतून त्यावर झोपतात, नाहीतर गादी ओढत पॅसेजमध्ये येतात. रात्री अकराला छताला हात लावला तर तव्याचा भास होतो. अशा खोलीत तीन वर्षे काढलेल्या माणसाला ‘उष्णतेची बेटे’ ही संज्ञा शिकवायला लागत नाही. म्हणून आमची एक सूचना : नोंद दुपारी तीनची घ्यावीच, पण रात्री दहाचीही घ्यावी. दिवसा वर्ग रिकामा करता येतो. रात्री माणूस कुठे जाणार?

नाशिक हे थंड हवेचे गाव, ही समजूत अजून इथल्या बोलण्यात आहे. गुलाबी थंडीची बातमी डिसेंबरात निफाडच्या आकड्यासह येतेच. पण शहर कोब्याने, पेव्हर ब्लॉकने आणि काचेने झाकत गेले, आणि थंडीचा मोठेपणा सांगणारेच आता एसीच्या हप्त्याची चौकशी करताना दिसतात.

पावसाबाबत मात्र उत्साहाला थोडा लगाम हवा. हरित छतामुळे पूर थांबतात असे सांगणाऱ्याला गोदाकाठी उभे करून दुतोंड्या मारुती दाखवावा. २००८, २०१६, २०१९ : या वर्षांत मारुतीच्या अंगावर किती पाणी चढले ते शहराने पाहिले आहे. तो पूर वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा आणि गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा असतो. चार इंच माती चौरस मीटरला तीसेक लिटर पाणी धरते, म्हणजे तीसेक मिलिमीटर पाऊस. ऑगस्टात सलग आठ दिवस झड लागलेली असताना ती माती आधीच भरलेली असते. त्या दिवशी छत हिरवे असले काय आणि सिमेंटचे असले काय, पाणी खाली येणारच. पण जूनच्या पहिल्या वळवात, सप्टेंबरच्या परतीच्या पावसात, तासाभरात पंचवीस-तीस मिलिमीटर कोसळते तेव्हा सराफ बाजारात सरस्वती नाल्याचे पाणी दुकानांत शिरते, ते धरणाचे नसते. ते आपल्याच गच्च्यांचे, अंगणांचे, रस्त्यांचे असते. हजार चौरस मीटरच्या कोरड्या मातीच्या गच्चीने अशा पहिल्या सरीत तीस हजार लिटर अडवले, किंवा नुसते तासभर उशिराने सोडले, तरी नाल्याला श्वास मिळतो. हा फरक कागदावर आणायला महागडे यंत्र लागत नाही. प्रत्येक पट्ट्याच्या पन्हळीखाली एक पिंप आणि शेजारी पर्जन्यमापक पुरतो.

एक कुरकुर आधीच नोंदवून ठेवतो. नव्या मातीतून सुरुवातीची काही वर्षे चहासारखे तांबूस पाणी आणि त्याबरोबर खतातले स्फुरद-नत्र खाली येते. म्हणजे ज्या इमारतीत गच्चीचे पाणी टाकीत साठवण्याची सोय आहे तिथे दोन ‘हरित’ योजना एकमेकींच्या पायात पाय घालतील. सौर पॅनलवाल्यांचीही जागेवरून तक्रार येईल. तिथे मात्र भांडण मिटण्यासारखे आहे : पॅनल पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी देते, त्यामुळे खाली तापलेल्या कोब्याऐवजी गवत असले तर त्याचा फायदाच. तो किती, हेही मोजावे.

आणि वजन. याबाबत महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती जमीन हलल्यामुळे जेवढी, तेवढीच मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे, म्हणजे तिकडची धाबी, अंगावर आल्यामुळे. ज्या छताने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला तेच छत गाडून गेले. त्यानंतर कित्येक घरांवर पत्रे आले. माणसे उकडत राहिली, पण निदान रात्री निर्धास्त झोपली. तेव्हा धाब्याचे कौतुक करताना किल्लारी विसरणे ही बेफिकिरी होईल. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. ओली काळी माती चार इंचांतच १८० किलोच्या घरात जाते, वीतभर थर चारशेला भिडतो. शिवाय काळी माती फुगते, आकसते, भेगाळते. म्हणून शेतातली माती ट्रॅक्टरने आणून गच्चीवर लोटणे हा मूर्खपणा कुणी करू नये, पर्यावरणदिनाच्या दिवशी तर नाहीच. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, मग कुदळ.

हलकी माती कुठून आणायची, याचे उत्तर मात्र नाशिकइतके सोपे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नसेल. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की द्राक्षबागांच्या बांधांवर काड्यांचे ढीग लागतात. वायनरींतून द्राक्षाचा चोथा निघतो, भातपट्ट्यातून तूस, वीटभट्ट्यांवर फुटक्या विटांचा खच. हे सगळे कुजवून, चुरून, मिसळून किती हलका आणि किती पाणी धरणारा थर तयार होतो हा पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर विकतच्या पर्लाइटपेक्षा स्वस्त निघण्याचा संभव आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून हीच दृष्टी दिली होती : आपल्या अंगणातला काडीकचरा, आपले ऊन, आपली वही. त्यांच्या पद्धतीने मुंबईत गच्च्यांवर भाजीपाला पिकला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहावर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. नाशकातही गच्चीवर वांगी-टोमॅटो लावणारी घरे थोडी नाहीत. फक्त त्यांच्या नोंदी कुठे एकत्र होत नाहीत.

गळतीची भीती खरी आहे. मराठी माणूस भूकंपाला जितका भीत नाही तितका वरच्या मजल्यावरून येणाऱ्या ओलीला भितो. अर्ध्या सोसायट्यांतली भांडणे त्यावरूनच. मातीखालचा जलरोधक थर उन्हापासून झाकला गेल्याने जास्त टिकतो, हे खरे. पण गळू लागलाच तर छिद्र नेमके कुठे आहे हे शोधायला सगळी बाग उपसावी लागते, हेही तितकेच खरे. आणि पिंपळ! कावळा-मैनांनी बी टाकले की कोब्याच्या चिरेत पिंपळ, उंबर उगवतो. चार इंच सुपीक मातीत तर तो राजासारखा वाढेल आणि दोन वर्षांत मुळे स्लॅबपर्यंत नेईल. वर्षातून दोनदा कुणीतरी वर जाऊन ही रोपे बोटभर असतानाच उपटली पाहिजेत. ‘पिंपळ कसा उपटायचा’ म्हणून शिपाई हात जोडून मागे फिरला तर काय करायचे, याचे उत्तर कुठल्याही जर्मन नियमावलीत नाही. आमच्या मते पिशवीत लावून खाली आवारात न्यावा. त्याला वाढायला तिथे जागा आहे.

कार्बनच्या हिशेबाबद्दलही दोन शब्द, कारण माहितीपत्रकांत सगळ्यात जास्त फुगवले जाते ते हेच. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने २००० पासून छतांवर संशोधन चालवले आहे. त्यांच्या प्रयोगात पातळ हरित छताने दोन वर्षांत चौरस मीटरला ३७५ ग्रॅम कार्बन साठवला. हजार चौरस मीटरला पावणेचारशे किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये पावणेचौदाशे. एका प्राध्यापकाची गाडी सहाशे लिटर पेट्रोल जाळते तेव्हा साधारण तेवढाच धूर निघतो. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या छताने दोन वर्षांत जे साठवले ते एका गाडीने फुंकले. छत हिरवे करायचे ते खालच्या खोलीसाठी, नाल्यासाठी, मधमाश्यांसाठी. हवामान वाचवल्याची पाटी त्यावर लावू नये.

आणि झाडे तोडल्याची भरपाई म्हणून तर मुळीच नाही. सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ च्या अखेरीस हे शहर झाडांसाठी रस्त्यावर उतरले. सिंहस्थाची बांधकामे अजून व्हायची आहेत. उद्या कुणी ‘खालची झाडे जातील, पण वर हिरवी गच्ची देतो’ असा सौदा मांडेल, तर त्याला चार इंच माती आणि चाळीस वर्षांची चिंच यांतला फरक शेंबड्या पोरानेही सांगावा.

हा अभ्यास नाशकातच का व्हावा? कारण त्याला लागणारी माणसे इथे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर बसलेली आहेत. दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपली ‘मेरी’, १९५९ पासून माती, दगड आणि बांधकाम यांचा अभ्यास करते आहे; किती भार आणि कोणती माती, हे तिने सांगावे. त्याच रस्त्यावर पुढे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. रात्री दहाला ३४ अंशांच्या खोलीत झोपलेल्या पोराच्या झोपेचे आणि नाडीचे काय होते, हे त्याने पाहावे. आणि गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ च्या १ जुलैला सुरू झालेले, पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. त्याच्याकडे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि दुसऱ्या कुणाकडे नाही अशी एक गोष्ट आहे : त्याचे आवार महाराष्ट्रभर पसरलेले आहे. गावोगावच्या महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रे चालतात. प्रत्येकावर गच्ची आहे. गोवर्धनला पट्टे आखून रीत एकदा बसली की तीच वही, तोच तापमापक, तेच पिंप चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत, रत्नागिरीच्या धो धो पावसात, सांगोल्याच्या कोरडवाहू उन्हात ठेवता येईल. वर चढून आकडा लिहिणारा विद्यार्थी दिवसा शेतात किंवा दुकानात काम करणारा असेल, आणि ते बरेच आहे. ऊन म्हणजे काय हे त्याला माहीत असते. ओटावाला असे जमणे शक्य नव्हते.

दोन अटी मात्र आम्ही घालू. नोंदी निदान पाच वर्षे व्हाव्यात. पहिल्या श्रावणात सगळीच छते देखणी दिसतात, फोटो निघतात; नव्याचे नऊ दिवस संपल्यावर तिसऱ्या मे महिन्यात, माळ्याची बदली झाल्यावर आणि निधीचे वर्ष संपल्यावर काय उरते ते खरे. दुसरी, आकडे मराठीत, सगळ्यांना पाहता येतील असे, महिन्याच्या महिन्याला छापावेत. चौथा पट्टा उजाड पडला तरी. पांढऱ्या रंगाने मातीला हरवले तरी.

सुरुवात कुठून करायची असे विचाराल तर प्रस्तावापासून नको, निधीपासूनही नको. या रविवारी-सोमवारी मृग निघेल न निघेल, वळवाचे ढग तर रोज दुपारी त्र्यंबकच्या बाजूने चढत आहेत. पहिली सर पडायच्या आत उघड्या गच्चीचा दुपारी तीनचा आणि रात्री दहाचा आकडा वहीत असला पाहिजे. पुढची पाच वर्षे सगळी तुलना त्याच्याशी व्हायची आहे. त्याला लागतो शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक, एक पेन्सिल आणि वर जायची वाट. आवारातल्या जवळपास प्रत्येक इमारतीत तो शेवटचा जिना एका लोखंडी दारापाशी संपतो, दाराला कुलूप असते, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो साडेपाचला घरी जातो. तेव्हा पहिला अर्ज किल्लीसाठी, रात्री दहाच्या परवानगीसह.